दक्षिणमुखी घर आणि फेंगशुईचा फॉरवर्ड

‘जगात कुठेही राहा, घराचं तोंड दक्षिणेला ठेवा, आरोग्य उत्तम राहील; फेंगशुईचा प्राचीन नियम!’ हा फॉरवर्ड जुनाच.

नियम खोटा नाही, पण तो उत्तर चीनच्या हवामानातला. बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घरांत मुख्य दालन उत्तर बाजूला, दक्षिणेकडे तोंड करून असतं. हिवाळ्यातले बोचरे उत्तरी वारे पाठीवर अडतात. डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य जेमतेम २७ अंशांवर, त्यामुळे ऊन खोलीत खोलवर शिरतं. जूनमध्ये तो ७३ अंशांवर चढतो आणि छपराची पुढे आलेली कडच ऊन अडवते. म्हणजे गुण उन्हाचा.

सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. तिथे दक्षिणमुखी दिवाणखाना थंडीत गारठणारच. मुंबईत जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच कलतो, आणि पावसाची झड येते नैऋत्येकडून!

पडताळणी सोपी: डिसेंबरात आणि जूनमध्ये (ढग नसतील तेव्हा) दुपारी साडेबाराला ऊन कुठवर येतं, तिथे फरशीवर खडूने खूण करा.