आचारसंहिता संपली म्हणजे पोस्टर लावायला मोकळे?

इलेक्शन आलं की मुंबईत एक वाक्य हमखास ऐकू येतं, पोस्टरबंदी फक्त आचारसंहितेपुरती, एरवी कुठेही लावा. दादर असो की घाटकोपर, कार्यकर्तेही हेच छातीठोक सांगतात. साफ चूक आहे.

महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरणाविरोधात कायदा आहे आणि तो बाराही महिने लागू असतो, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय मुंबईत जाहिरात फलक लावायचा तर महापालिका कायद्यानुसार आयुक्तांची लेखी परवानगी लागते, मग तो साबणाचा असो नाहीतर साहेबांच्या वाढदिवसाचा. आचारसंहितेत नवीन काय होतं तर घड्याळ लागतं, सरकारी इमारतींवरचं २४ तासांत, स्टेशन-बसस्टॉप वगैरे ठिकाणचं ४८ तासांत आणि खासगी जागेवरचं बेकायदा ७२ तासांत उतरवायचं. म्हणून तेव्हा गाड्या फिरताना दिसतात आणि लोकांना वाटतं नियम आत्ताच आला.

आणि सोसायटीची भिंत? तिथे स्थानिक कायद्यात बसत असेल तरच, तेही मालकाची लेखी संमती घेऊन. सेक्रेटरी तोंडी हो म्हणाला, हे चालत नाही. छापील प्रचार पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर तो वेगळाच गुन्हा, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ.

त्यामुळे शहरात पोस्टरबंदी आणावी का यावर वाद जरूर घाला, पण बरीचशी बंदी ऑलरेडी आहे हे धरून घाला. दोन हजारांच्या दंडाला कोण घाबरतंय, खरा प्रश्न तो आहे.