दोन शहरांची मतमोजणी आणि पाव मताचा हिशेब

२०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या राज्यसभेच्या सहा जागांचा निकाल पहाटेपर्यंत लांबला. सहाव्या जागेच्या बातमीत उमेदवारांच्या नावापुढे दशांश चिन्ह असलेली मते झळकली. शिवाय त्या जागेवर पहिल्या पसंतीची मते ज्याला कमी पडली, तोच निवडून आला. त्या आठवड्यात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागला : "आमदार अख्खा, त्याचं मत अख्खं, मग हे पॉइंट आले कुठून?" काहींनी तर मोजणीत घोळ झाल्याचं ठरवूनही टाकलं.

घोळ काहीच नव्हता. हा अपूर्णांक म्हणजे मतमोजणीच्या गणितातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे, आणि ती समजून घ्यायची तर १८९७ च्या जानेवारीत जायला हवं, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या तास्मानिया बेटावर.

तास्मानिया तेव्हा ब्रिटिशांची स्वतंत्र वसाहत होती, स्वतःची संसद असलेली. एडवर्ड ब्रॅडन हे तिथले प्रीमियर, म्हणजे सरकारचे प्रमुख. बंगाल आणि अवधमध्ये अनेक वर्षं नोकरी करून ते तिकडे स्थायिक झालेले. त्यांच्या मंत्रिमंडळात अँड्र्यू इंग्लिस क्लार्क हे अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी होते. क्लार्क आधी इंजिनिअर आणि मग वकील झाले, आणि त्यांनी केलेला १८९६ चा निवडणूक कायदा वाचताना त्यातला इंजिनिअर मला जागोजागी दिसतो. या कायद्याने वसाहतीतल्या दोनच मतदारसंघांत नवी पद्धत आणली : होबार्टमधून सहा प्रतिनिधी आणि लाँसेस्टनमधून चार. बाकीकडे जुनीच रीत चालू राहिली. या दोन शहरांत नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली ती १८९७ च्या जानेवारीत. स्त्रियांना मताधिकार तेव्हा नव्हताच. तो १९०३ मध्ये मिळाला.

जुन्या रीतीत काय बिघडलं होतं? ऑस्ट्रेलियातल्या अनेक वसाहतींत एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जात आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत. समजा गावातले ५५ टक्के लोक एका बाजूचे आहेत आणि ते सगळे आपल्या बाजूच्या सहाही जणांना मते देतात. सहाच्या सहा जागा त्यांच्या. उरलेल्या ४५ टक्क्यांच्या हाती शून्य.

यावर इंग्लंडमधले थॉमस हेअर यांनी १८५० च्या दशकात उपाय मांडला होता. मतदाराला मत एकच, पण त्याने उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम द्यायचा. एकूण वैध मतांना जागांनी भागलं की येतो तो कोटा. ज्याचा कोटा भरला तो निवडून आला, आणि कोट्यापेक्षा जास्त झालेली मते पुढच्या पसंतीकडे सरकवायची. कुणाचाच कोटा भरत नसेल तर सर्वांत खालच्याला बाद करून त्याची मते पुढे पाठवायची. (यासाठी छापील मतपत्रिका हवी. तास्मानिया, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया यांनी १८५६ मध्येच गुप्त मतदान आणलं होतं. त्याआधी मतदार उभा राहून तोंडी नाव सांगायचा. तोंडी सांगून पसंतीक्रम टिकवता आला नसता.)

आता खरी अडचण. जास्तीची मते सरकवायची म्हणजे नेमकी कोणती?

कल्पित आकडे घेऊ. जागा ६, वैध मते २७००, म्हणून कोटा ४५०. 'क' या उमेदवाराला पहिल्या पसंतीची ६०० मते मिळाली. १५० जास्त झाली. या ६०० मतपत्रिकांपैकी ४०० वर दुसरी पसंती 'ख' आहे, २०० वर 'ग'. गठ्ठ्यातून १५० कागद काढून वाटायचे, पण कोणते १५०? हेअर यांच्या मूळ योजनेत ते नशिबावर होतं.

एका बरणीत ४०० चिंचोके आणि २०० सीताफळाच्या बिया घाला, नीट हलवा आणि डोळे मिटून १५० काढा. सरासरीने १०० चिंचोके यायला हवेत. पण दर वेळी बरोबर १०० येणार नाहीत. हा चढउतार किती, हे संख्याशास्त्र सांगतं. १५० ला आधी दोन तृतीयांशने, मग एक तृतीयांशने गुणा : ३३.३. बरणी मर्यादित आहे आणि काढलेली बी आपण परत टाकत नाही, म्हणून ४५० भागिले ५९९, म्हणजे ०.७५ ने आणखी गुणा. उत्तर सुमारे २५. त्याचं वर्गमूळ ५. हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप. याचा अर्थ असा की शंभरातल्या साधारण पंच्याण्णव खेपांना चिंचोके ९० ते ११० च्या मध्ये येतील.

दहाच मतांचा फरक म्हणून हे सोडून देऊ नका. 'ख'ला एक मत कमी आलं की ते 'ग'कडे जातं, म्हणून दोघांमधलं अंतर दुपटीने हलतं. वाटणी ९० आणि ६० अशीही होईल, ११० आणि ४० अशीही. आता समजा ही वाटणी व्हायच्या आधी 'ग' ४५ मतांनी पुढे आहे आणि शेवटच्या जागेसाठी दोघांतच लढत आहे. सरासरीच्या हिशेबाने 'ख' ५० ने भरून काढतो आणि ५ मतांनी जिंकतो. पण डोळे मिटून कागद काढले तर जवळपास तीनातून एका खेपेला 'ग' जिंकेल. मतदार तेच, मतपत्रिका त्याच. फेरमोजणी मागितली आणि गठ्ठा पुन्हा पिसला, तर निकाल बदलू शकतो. कोणत्याही मोजमापात अशी गोष्ट चालत नाही. फुटपट्टीने दोनदा मोजलं तर लांबी तीच यायला हवी.

मेलबर्नच्या जे. बी. ग्रेगरी यांनी १८८० मध्ये यावर तोड सुचवली आणि क्लार्क यांनी तसा अपूर्णांक कायद्यात उतरवला. १५० कागद निवडूच नका. सगळे ६०० पुढे पाठवा, पण प्रत्येकाची किंमत कमी करून : १५० भागिले ६००, म्हणजे पाव. 'ख'ला ४०० पाव मते म्हणजे १००, 'ग'ला २०० पाव मते म्हणजे ५०. कितीही वेळा मोजा, उत्तर तेच. मतदाराचं अख्खं मत कुठेही हरवलेलं नाही. त्यातलं पाऊण 'क'ला निवडून आणण्यात खर्ची पडलं आणि उरलेलं पाव पुढच्या पसंतीच्या कामी आलं. नशीब हिशेबातून बाहेर गेलं ते एका भागाकाराने! तास्मानियाचे सरकारी संख्याशास्त्रज्ञ आर. एम. जॉन्स्टन यांनी १८९७ च्या निकालांची बारकाईने छाननी केली. त्या बेटाच्या खडकांवरचा मोठा भूशास्त्रीय ग्रंथही याच माणसाने लिहिला आहे.

कोट्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडचा कोटा हेअर यांचा नाही. इंग्रज वकील हेन्री ड्रूप यांनी दाखवलं की जागांमध्ये एक मिळवून भागा आणि उत्तरातला अपूर्णांक सोडून एक वाढवा. वरच्या उदाहरणात २७०० भागिले ७ म्हणजे ३८५, अधिक १, म्हणून ३८६. सात जणांनी ३८६ मते मिळवायची तर २७०२ मते लागतील, आणि आहेत २७००. म्हणजे सहापेक्षा जास्त जण कोटा गाठूच शकत नाहीत. कोटा याहून मोठा ठेवायचं कारणच उरत नाही. तास्मानियाने १९०७ च्या कायद्यात हाच कोटा घेतला.

आता महाराष्ट्राच्या विधानसभेत येऊ, कारण राज्यसभेसाठी मत देतात ते आमदार. २८८ आमदार, सहा जागा. इतक्या थोड्या मतदारांत अपूर्णांकाने हिशेब किचकट होतो, म्हणून आपल्या नियमांत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. एकूण २८,८००, भागिले ७, अधिक १ : कोटा ४११५. एखाद्याला ४८ आमदारांची पहिली पसंती मिळाली तर त्याचे ४८००, जास्तीचे ६८५. दुसरी पसंती लिहिलेले ४८ कागद असतील तर प्रत्येकाची नवी किंमत १४, आणि उरलेले १३ सोडून दिले जातात. बातम्यांमध्ये हीच किंमत शंभराने भागून छापतात. तिथून येतो तो दशांश.

म्हणून अशा निवडणुकीआधी कुंडली किंवा अंकशास्त्र मांडून भाकीत सांगणाऱ्यांकडे कृपया लक्ष देऊ नका. निकाल ठरवणारे आकडे मतपत्रिकेवर लिहिलेले असतात आणि मोजणीची प्रत्येक पायरी कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पडताळता येते. ही पद्धत निर्दोष आहे असा दावाही मी करणार नाही. कुणाला आधी बाद करायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असल्याने, एखाद्या उमेदवाराला काही जणांनी वरची पसंती दिल्यामुळेच तो हरला, असा विचित्र प्रसंग गणिताने शक्य आहे.

आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहासाठी मतपत्रिकेची किंमत १००० धरून असाच हिशेब होतो. तिथल्या कनिष्ठ सभागृहासाठी मात्र अजूनही गठ्ठ्यातले प्रत्यक्ष कागदच सरकवतात, त्यामुळे नशिबाचा थोडा अंश तिथे राहिलेला आहे.

आणि तास्मानियात १९०९ पासून ही पद्धत सगळ्या बेटाला लागू झाली, पाच मतदारसंघ आणि प्रत्येकी सहा जागा. क्लार्क १९०७ च्या नोव्हेंबरमध्येच गेले होते. तिथे १९१८ पासून एखादा सदस्य मध्येच राजीनामा देतो तेव्हा सहसा पोटनिवडणूक घेत नाहीत. त्याला निवडून आणणाऱ्या जुन्या मतपत्रिका बाहेर काढतात आणि त्यांवरच्या पुढच्या पसंत्या नव्याने मोजतात.