जाव मण्यांमधला पत्ता

आईचा कोल्हापुरी साज गुजरीत पुन्हा ओवायला दिला होता. धागा दोन-चार ठिकाणी तुटलेला, सगळे तुकडे रुमालात बांधून नेलेले. पटवेकरी एकेक तुकडा चिमटीत धरून बघत होते. शंखाचं पान असलेला तुकडा लगेच जागेवर गेला, कासवाचाही गेला. नुसत्या जाव मण्यांचे तुकडे मात्र बाजूला राहिले. ते कुठलेही असू शकत होते.

डीएनएवर प्रथिनं नेमकी कुठे बसतात हे शोधताना हाच पेच पडतो. पेशीतली प्रथिनं फॉरमॅल्डिहाइडने डीएनएवर जागच्या जागी चिकटवतात, डीएनएचे काहीशे अक्षरांचे (अक्षरं म्हणजे डीएनएच्या साखळीतले चार प्रकारचे रासायनिक दुवे) तुकडे करतात आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने, म्हणजे नेमकं तेच प्रथिन पकडणाऱ्या रेणूने, तुकड्यासकट ओढून काढतात. मग तुकड्याची अक्षरं वाचून ती जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएच्या मजकुरात, कुठे जुळतात ते बघायचं. जिथे तुकड्यांचा ढीग साचतो, तिथे प्रथिन बसलेलं. चिप-सेक नावाची ही पद्धत 2007 पासून रुळली.

पण माणसाच्या सुमारे 300 कोटी अक्षरांच्या जीनोमचा निम्मा भाग पुनरावृत्तीचा आहे. ‘अलू’ हा जेमतेम 300 अक्षरांचा मजकूर 10 लाखांहून जास्त वेळा येतो. त्यातली 36 अक्षरंच वाचून हाती आली तर तो तुकडा कुठला म्हणायचा?

वर्षानुवर्षं रीत अशी होती, की एकाहून जास्त ठिकाणी जुळणारा तुकडा टाकून द्यायचा. हिशेब सोपा होतो, पण नकाशावर त्या जागा कोऱ्या राहतात आणि तिथे काही घडतच नाही असा समज होतो. मला हे फार खटकतं. कर्करोगाला आवर घालणारं पी53 हे प्रथिन आपल्या जीनोममधल्या प्राचीन विषाणूंच्या अवशेषांवरही बसतं. पेशी विभागताना गुणसूत्राला जिथे धरून ओढलं जातं, तो सेंट्रोमिअर तर 171 अक्षरांच्या एककाच्या लांबच लांब माळेवर उभा असतो.

यावर एक सुरेख उपाय आहे, शेजाऱ्यांना विचारण्याचा. समजा, एक तुकडा तीन जागी सारखाच जुळतो. पहिल्या जागेच्या आसपास, फक्त तिथेच जुळणारे 40 तुकडे आहेत, दुसरीजवळ 8, तिसरीजवळ 2. मग हा तुकडा 80, 16 आणि 4 टक्के असा वाटून द्यायचा. सगळ्या तुकड्यांची अशी वाटणी झाली की ढीग बदलतात, म्हणून नव्या ढिगांवरून पुन्हा वाटणी करायची, आकडे स्थिरावेपर्यंत. मात्र अँटिबॉडी न वापरलेल्या नमुन्यालाही हीच वाटणी लावून तुलना करायला हवी, नाहीतर खोटे ढीग उभे राहतात. आणि सगळे शेजारीही एकसारखेच असतील, तर ही युक्ती चालत नाही.

तिथे लांब तुकडे लागतात. हजारो अक्षरं सलग वाचता येऊ लागली आणि 2022 मध्ये मानवी जीनोमच्या नकाशात जवळजवळ 20 कोटी अक्षरांची भर पडली. सेंट्रोमिअर त्यातच सापडले. आता प्रथिनाच्या शेजारच्या अक्षरांवर रासायनिक खूण करून तो लांब धागा न तोडता वाचतात. जाव मण्यांसोबत एखादं पानही हाती येतं.

जुन्या प्रयोगांची मूळ वाचनं इंटरनेटवर मोफत मिळतात, टाकून दिलेल्या तुकड्यांसकट. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींनी एखादा तरी असा संच उतरवून घ्यावा आणि वाटणी नव्याने करून बघावी.