आस्की-रूपांतर

कोणत्याही लिपीतला मजकूर आस्की संचातल्या साध्या चिन्हांत (इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे) उतरवण्याच्या संगणकीय क्रियेला आस्की-रूपांतर म्हणतात. लेखाच्या शीर्षकावरून वेबपत्ता तयार करणे, फाइलला कुठल्याही यंत्रणेत चालेल असे नाव देणे, नावांच्या यादीत शोध घेणे आणि जुन्या यंत्रणांना माहिती पुरवणे ही त्याची नेहमीची कामे. हे रूपांतर एकेरी असते. साध्या अक्षरांवरून मूळ मजकूर परत उभा करता येत नाही. त्यामुळे रूपांतरित मजकूर ही मूळ मजकुराशेजारी ठेवायची किल्ली आहे. ती मूळ मजकुराच्या जागी बसवली की माहिती कायमची जाते.

आस्की संच

आस्की हे अमेरिकेतले १९६३ सालचे प्रमाण. त्यात ० ते १२७ असे १२८ संकेतांक, म्हणजे चिन्हांना दिलेले क्रमांक, आहेत. त्यांपैकी ३३ यंत्राच्या नियंत्रणासाठी असून उरलेली ९५ चिन्हे, मोकळी जागा धरून, छापता येतात. इंग्रजी अंक ४८ ते ५७, मोठी रोमन अक्षरे ६५ ते ९० आणि लहान ९७ ते १२२ या संकेतांकांवर आहेत. जगातल्या लिपींना एकत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिने हे १२८ संकेतांक जसेच्या तसे ठेवले आणि देवनागरीला २३०४ ते २४३१ हा पट्टा दिला. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत आस्कीचे चिन्ह १ बाइट घेते, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट. इथे चिन्ह म्हणजे व्यंजन, काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे: ‘क्षी’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात चार चिन्हे आणि १२ बाइट आहेत.

गरज कुठे पडते

लिनक्सवरच्या बहुतेक फाइलव्यवस्थांत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत फक्त ८५ चिन्हे. वेबपत्त्यात देवनागरी घातल्यास प्रत्येक बाइटचे टक्केचिन्ह आणि दोन अंक-अक्षरे होतात. एका चिन्हाला नऊ जागा लागतात. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या साधनात शीर्षकावरून बनणाऱ्या पत्त्याच्या भागाला २०० जागांची मर्यादा असल्याने मराठी शीर्षक साधारण २२ चिन्हांनंतर कापले जाते, आणि ते शब्दाच्या मध्यावरही तुटते. एसएमएसचा हिशेब आणखी कडक आहे. मूळ सात-बिट संचातल्या संदेशात १६० चिन्हे मावतात. त्या संचाबाहेरचे एक जरी चिन्ह आले तरी मर्यादा ७० वर येते. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेले एक वळणदार अवतरणचिन्हदेखील त्याला पुरते, आणि त्यामुळे एका संदेशाच्या जागी दोन-तीन संदेशांचे पैसे पडतात. हा सात-बिट संच आस्कीशी तंतोतंत जुळत नाही. त्यात काही युरोपीय अक्षरे आणि ग्रीक मोठी अक्षरेही आहेत, म्हणून एसएमएससाठी त्याच संचाचा तक्ता वापरावा.

पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. त्यांत फक्त मोठी रोमन अक्षरे, अंक आणि भरणीचे एक चिन्ह चालते. तिथे कोणत्या अक्षराचे काय करायचे हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिले आहे: डोक्यावर वर्तुळ असलेल्या ए चे दोन ए होतात, तिरपी रेघ मारलेल्या ओ चे ओ-ई, आणि जर्मन तीक्ष्ण एस चे दोन एस.

रोमन लिपीतली चिन्हे

सर्वात सोपी पद्धत विघटनाची. युनिकोडमध्ये तिरकस उच्चारचिन्ह असलेला लहान ई हा २३३ या एकाच संकेतांकाने लिहिता येतो, किंवा साधा ई (१०१) आणि त्यावर चढणारे चिन्ह (७६९) असा दोन भागांत. एनएफडी नावाचे सामान्यीकरण पहिल्याचे दुसऱ्यात विघटन करते. मग ७६८ ते ८७९ या पट्ट्यातली चढणारी चिन्हे गाळली की साधे अक्षर उरते. गोव्यातल्या पोर्तुगीज नावांतला खाली शेपूट असलेला सी (२३१) आणि लाटेचे चिन्ह असलेला ए (२२७) या रीतीने बिनचूक उतरतात.

मात्र रोमनमधलीही सगळी अक्षरे अशी फुटत नाहीत. रेघ मारलेला डॅनिश ओ (२४८), रेघ मारलेला पोलिश एल (३२२), जर्मन तीक्ष्ण एस (२२३) आणि बिनटिंबाचा तुर्की आय (३०५) यांना विघटनच नाही. विघटनानंतर ‘आस्कीबाहेरचे सगळे गाळा’ अशी आज्ञा दिली की ही अक्षरे मुकाट्याने नाहीशी होतात आणि नाव एका अक्षराने लहान होते. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता लागतो.

तक्ताही भाषेवर अवलंबून असतो. दोन टिंबांचा ए जर्मनमध्ये ए-ई असा लिहायचा, फिनिशमध्ये नुसता ए. स्पॅनिशमध्ये एन वरची लाट काढली तर ‘वर्ष’ या अर्थाच्या शब्दाचा ‘गुदद्वार’ होतो. तुर्की लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे संगणकावरची भाषा-प्रदेशाची मांडणी) मोठ्या आय चे लहान रूप बिनटिंबाचे होते, म्हणजे आस्कीतून सुरू झालेला शब्द नुसत्या अक्षरबदलाने आस्कीबाहेर जातो. म्हणून लहान-मोठी अक्षरे बदलताना तटस्थ लोकेल नेमून द्यावे. मजकूर एका संचातून दुसऱ्यात बदलणारी आयकॉन्व्ह ही आज्ञावलीही लोकेलप्रमाणे वेगवेगळे उत्तर देते. जर्मन लोकेलमध्ये ए-ई मिळते, तर साध्या ‘सी’ लोकेलमध्ये त्याच जागी प्रश्नचिन्ह येऊ शकते. स्वतःच्या यंत्रावर चाललेला प्रोग्राम सर्व्हरवर बिघडण्याचे हे एक जुने कारण आहे.

देवनागरीत हीच पद्धत का मोडते

चढणारी चिन्हे गाळण्याचा सल्ला अनेकदा ‘युनिकोडमधील नॉनस्पेसिंग मार्क गटातील सर्व चिन्हे काढा’ अशा रूपात दिला जातो. रोमनसाठी तो ठीक आहे. देवनागरीत उकार, मात्रा, ऋकार, अनुस्वार, नुक्ता आणि हलन्त ही सगळी याच गटात येतात, तर काना, वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग दुसऱ्या गटात. परिणामी ‘पुणे’चे ‘पण’ होते, ‘मुंबई’चे ‘मबई’, ‘कोल्हापूर’चे ‘कोलहापर’. कुळ, केळ आणि कळ हे तिन्ही शब्द ‘कळ’ होतात. युरोपीय भाषांत असे चिन्ह अक्षराच्या उच्चारातला फरक दाखवते. आपल्याकडे ते स्वतःच स्वर आहे. ते काढणे म्हणजे इंग्रजी शब्दातले ई, आय, यू खोडणे.

हीच चूक दुसऱ्या वाटेनेही होते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत) ‘शब्दातले अक्षर’ ओळखणारा संक्षेप देवनागरीची स्वरचिन्हे आणि हलन्त अक्षर म्हणून धरत नाही. पायथनमधल्या जँगो या वेबसाइट बांधण्याच्या साधनात पत्त्याचा तुकडा बनवणारे फंक्शन युनिकोड चालू ठेवून वापरले तरी ‘महाराष्ट्र’चे ‘महरषटर’ होते ते यामुळे. युनिकोड बंद ठेवले तर संपूर्ण मराठी शीर्षकाचा रिकामा तुकडा हाती येतो. रेजेक्स हे वेगळे पॅकेज वापरले, किंवा चिन्हांचे गट स्वतः तपासले, तर हा दोष टळतो.

शोधयंत्रणांतले तयार गाळपही मराठीच्या कामाचे नाही. ल्यूसीन आणि त्यावर उभ्या असलेल्या इलॅस्टिकसर्चमधला आस्की-फोल्डिंग फिल्टर रोमन अक्षरांपुरता आहे. देवनागरी त्यातून न बदलता बाहेर पडते. चूक दिसत नाही, शोधही लागत नाही.

लिप्यंतराची साधने

देवनागरीसाठी उच्चाराप्रमाणे लिप्यंतर करणेच भाग आहे. शॉन बर्क यांनी २००१ साली पर्ल भाषेसाठी युनिडिकोड हे पॅकेज लिहिले. पायथन आणि इतर भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ते प्रत्येक चिन्हासाठी तक्त्यातला एक ठरावीक तुकडा देते आणि शेजारचे चिन्ह पाहत नाही. त्यामुळे ते वेगवान आहे, बहुतेक लिपींवर चालते, आणि त्यामुळेच व्यंजनातला अंगभूत ‘अ’ त्याला कळत नाही. ‘नमस्ते’चे एन-एम-एस-टी-ई होते. ‘महाराष्ट्र’चे एम-एच-ए-ए-आर-ए-ए-एस-एस-टी-टी-आर. चिनी चित्राक्षरांना ते चिनी उच्चार लावते, म्हणून जपानी मजकुरातल्या ‘तोक्यो’चे ‘दोंग जिंग’ होते. कुठलीही लिपी आली तरी काहीतरी वाचण्याजोगे हवे, एवढ्याच गरजेला हे साधन योग्य आहे.

युनिकोड हाताळणारी आयसीयू लायब्ररी शेजारची चिन्हे पाहते. तिच्यात आधी लिपीचे रोमन लिप्यंतर आणि मग रोमनचे आस्की अशी दोन पावले जोडता येतात. देवनागरीसाठी पहिले पाऊल आयएसओ १५९१९ या २००१ सालच्या प्रमाणाच्या वळणाचे आहे. त्यात ट आणि त, श आणि ष, अ आणि आ हे भेद टिंबे व रेघांनी जपलेले असतात. दुसऱ्या पावलात ती टिंबे आणि रेघा जातात. ‘दात’, ‘दाट’ आणि ‘दाता’ या तिघांचे डी-ए-टी-ए होते, म्हणजे ‘डेटा’ या शब्दाचेच स्पेलिंग. ‘कमल’ आणि ‘कमला’ ही दोन नावे एक होतात, कारण शब्दाच्या शेवटी आपण न उच्चारलेला ‘अ’ लायब्ररी लिहिते. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतला फरकही उरत नाही.

मराठीची रूढ स्पेलिंगे तर कोणत्याच प्रमाणात बसत नाहीत. च साठी प्रमाण सी देते, आपण सी-एच लिहितो. त्यामुळे ‘चव्हाण’चे सी-ए-व्ही-एच-ए-एन-ए होते आणि कुठल्याही चव्हाणांना ते आपले नाव वाटत नाही. ‘ज्ञ’साठी प्रमाणातून जे-एन निघते, हिंदीत जी-वाय रूढ आहे आणि मराठीत डी-एन-वाय. हिंदीसाठी लिहिलेला तक्ता ‘ज्ञानेश्वर’ला लावू नये एवढे तरी पाळता येतेच. न उच्चारलेला ‘अ’ काढण्याचा ढोबळ नियम असा: शब्दाच्या शेवटी एकेरी व्यंजन असेल तर अ काढावा (राम, सरकार), जोडाक्षर असेल तर ठेवावा (गोत्र, महाराष्ट्र). शब्दाच्या मधला अ नियमाने पूर्णपणे सुटत नाही. ‘सरकार’मधल्या र सारख्या जागांसाठी शब्दयादी ठेवावी लागते.

कामाचा क्रम

मूळ मजकूर स्वतंत्र रकान्यात जसाच्या तसा जतन करावा. मग एनएफसी सामान्यीकरण (एनएफडीच्या उलट, सुटे भाग जोडणारे) करून एकाच शब्दाची दोन अंतर्गत रूपे एक करावीत. नंतर अदृश्य चिन्हांकडे वळावे: शून्य रुंदीची जागा (८२०३), फाइलच्या आरंभीचे खूणचिन्ह (६५२७९), मृदू जोडरेघ (१७३) ही काढून टाकता येतात, न तुटणारी जागा (१६०) साध्या जागेत बदलावी. जोडणारे अदृश्य चिन्ह (८२०५) मात्र मराठीत सरसकट काढू नये. ‘दऱ्या’ हा शब्द जुन्या मजकुरात अनेकदा र, हलन्त आणि ८२०५ असा टंकलेला सापडतो. ते चिन्ह गेले की दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’. आधी या तिकडीच्या जागी ऱ (२३५३) आणि हलन्त घालावेत, मगच ८२०५ ला हात लावावा.

यानंतर तीन तक्ते या क्रमाने लावायचे: व्यक्ती, गावे आणि संस्थांची ठरलेली स्पेलिंगे, मग मराठीचे नियम, आणि त्यातूनही काही उरले तर युनिडिकोडसारखे सर्वसाधारण साधन. व्यक्तीने स्वतः दिलेले स्पेलिंग उपलब्ध असेल तर तिथे यंत्राने काही ठरवू नये. शोधासाठी आणखी एक किल्ली करणे फायद्याचे ठरते: तीत दुहेरी ए चा एक ए, दुहेरी ई चा आय, दुहेरी ओ चा यू आणि डब्ल्यू चा व्ही करावा, म्हणजे ‘पाटील’ आय ने टंकले किंवा दोन ई ने टंकले तरी सापडतात.

शेवटी दोन तपासण्या हव्यात. निकाल रिकामा आला का, आणि तो आधीच्या एखाद्या किल्लीशी जुळतो का. जुळला तर अंक जोडून वेगळा करावा. वापरकर्त्याचे खातेनाव अशा किल्लीवरून ओळखणे धोक्याचे आहे: दोन वेगळी नावे एक ठरली तर एकाच्या खात्यात दुसरा शिरू शकतो.

आकडे, खुणा आणि सुरक्षितता

देवनागरी अंक २४०६ ते २४१५ वर आहेत. संकेतांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंकाचा संकेतांक मिळतो. सामान्यीकरण हे काम करत नाही. जावास्क्रिप्टला देवनागरी अंकांची संख्या वाचता येत नाही, पायथनला येते.

एनएफकेडी हे जास्त मोकळे, म्हणजे खास रूपातल्या चिन्हांचेही साधे रूप करणारे सामान्यीकरण संख्यांवर वापरताना फार जपावे. इंग्रजी १ आणि त्याला लागून अर्ध्याचे चिन्ह (१८९) असे लिहिलेल्या दीडचे त्यातून ‘अकरा भागिले दोन’ होते, म्हणजे साडेपाच. दहाचा वर्ग १०२ होतो. औषधाच्या मात्रेत किंवा मापांत अशी चूक नुसत्या डोळ्यांना खटकतही नाही. अपूर्णांक आणि घातांक आधी वेगळे काढून मोकळी जागा किंवा खूण घालावी.

रूपांतराने मजकूर वाढूही शकतो. अरबी लिपीतले एक आदरवाचक चिन्ह (६५०१८) एनएफकेडीत १८ चिन्हांचे होते. तेव्हा लांबीची मर्यादा रूपांतरानंतर तपासावी. घातक चिन्हांची चाळणीही नंतरच लावावी. आधी लावली तर पूर्ण रुंदीचे ‘पेक्षा लहान’ चिन्ह (६५३०८) तिच्यातून सुटते आणि मग त्याचे साधे चिन्ह होऊन पानात कोड घुसवते.

उलटता येणारे पर्याय

जिथे मूळ मजकूर परत मिळायलाच हवा तिथे लिप्यंतर वापरत नाहीत. डोमेन नावांसाठी २००३ सालची प्युनिकोड पद्धत आहे. तिच्यातले नाव एक्स, एन आणि दोन जोडरेषांनी सुरू होते, माणसाला वाचता येत नाही, पण काहीही हरवत नाही. २०१४ साली सुरू झालेले ‘.भारत’ डोमेन आतून असेच साठवलेले असते. माणसाला वाचताही यावे आणि भेदही टिकावेत यासाठी आयट्रान्स आणि हार्वर्ड-क्योटो या पद्धती लहान-मोठ्या अक्षरांचा उपयोग करतात. त्यांचा मजकूर लहान अक्षरांत बदलला की ट आणि त एक होतात, म्हणून वेबपत्त्याला त्या चालत नाहीत.

युनिकोडपूर्व शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटमधला मजकूर हा वेगळाच प्रकार आहे. तो पडद्यावर देवनागरी दिसला तरी आत रोमन अक्षरांचे आणि त्यांच्या वरच्या पट्ट्याचे संकेतांक असतात. आस्की-रूपांतराचा प्रोग्राम त्याला बराचसा आधीच साधा समजून पुढे जाऊ देतो. असा मजकूर आधी त्या-त्या फाँटच्या तक्त्याने युनिकोडमध्ये आणावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. दोन्हींची जागा बदलल्याशिवाय पुढचे कोणतेही लिप्यंतर बरोबर येत नाही.