हस्ताकृती

एकाच ठिकाणाहून बोटांसारखे फाटे फुटून पसरले की त्या आकाराला हस्ताकृती म्हणतात. वनस्पतिशास्त्रात हा शब्द मुख्यतः पानांसाठी आहे. प्राण्यांच्या बाबतीत 'पंजा' जास्त रुळला आहे.

पपई आणि एरंडाचे पान एकच, पण खोल चिरलेले असते. मुख्य शिरा देठाच्या टोकापासूनच फाकतात. काटेसावरीत देठाच्या टोकाला पाच ते सात सुट्या पर्णिका (एकाच पानाचे पानासारखे दिसणारे भाग) असतात, म्हणून ते हस्ताकृती संयुक्त पान. निर्गुडीत त्या तीन किंवा पाच. गोव्यात रस्तोरस्ती दिसणारी सातवीण मात्र हमखास फसवते. तिची सात-आठ पाने पंजासारखी दिसतात, पण ती सगळी फांदीच्या एकाच पेरातून फुटलेली स्वतंत्र पाने आहेत. ओळखायचे कसे? बगलेतली, म्हणजे देठ आणि फांदी यांच्या बेचक्यातली, कळी बघावी. सातविणीच्या प्रत्येक पानाच्या बगलेत कळीची जागा असते. सावरीत ती अख्ख्या देठाच्या बुडाशी असते, पर्णिकांशी नसते. गोवा म्हटले की आठवणारा माडही या गटात बसत नाही. त्याच्या चुडताला मधोमध लांब कणा आणि दोन्ही बाजूंना पाती, म्हणजे ते पिच्छाकृती. हस्ताकृती पान ताडाचे.

हिमालयातल्या सालमपंजा या आमरीच्या (ऑर्किडच्या) मुळांनाही बोटे फुटतात. केळ्यांच्या घडात मात्र मराठीला हात दिसला नाही, फणी दिसली.

वनस्पतींमधले हे साम्य दिसण्यापुरतेच. प्राण्यांत ते हाडांपर्यंत जाते. वटवाघळाचा पंख म्हणजे हातच: चार बोटे कमालीची लांबलेली, त्यांच्यात कातडीचा पडदा ताणलेला आणि नखीचा अंगठा मोकळा. गोव्यातल्या गालजीबाग, मोरजी किनाऱ्यांच्या वाळूत अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या वल्ह्यासारख्या पायातही पाच बोटांची हाडे असतात. डॉल्फिनच्या वल्ह्यात तर काही बोटांना माणसापेक्षा जास्त पेरे असतात. काम वेगळे असले तरी मूळ रचना एकच असणाऱ्या अशा अवयवांना समजात अवयव म्हणतात. इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1843 मध्ये ही कल्पना नेमकी मांडली. डार्विनने पुढे तिचा अर्थ समान पूर्वज असा लावला.

बोटे पाचच असायला हवीत असेही नाही. पश्चिम घाटातल्या मलबार उडत्या बेडकाच्या पुढच्या पायांना चारच बोटे असतात. उडी मारताना तो ती फाकवतो आणि मधल्या नारिंगी-लाल पडद्यांच्या आधाराने झाडावरून खाली तरंगत येतो.