क्लिंट ईस्टवूडच्या 'बिननावाच्या' हिरोबद्दल एक खुलासा

इटालियन दिग्दर्शक सर्जियो लिओनेचं नाव निघालं की हमखास ऐकू येतं, त्याच्या डॉलर्स ट्रिलॉजीत, म्हणजे ईस्टवूडच्या तीन काउबॉय पिक्चरमध्ये, एकच हिरो आहे आणि त्याला नावच नाही. हे खरं नाहीये. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये (1964) म्हातारा शवपेटीवाला त्याला सरळ 'जो' या नावाने हाक मारतो, 1965 च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये तो मोंको आहे आणि 1966 च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये तुको नावाचा डाकू त्याला सतत ब्लाँडी ब्लाँडी करत असतो. मग बिननावाचा आला कुठून? तर युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन फिल्म कंपनीने 1967 मध्ये एकाच वर्षात तिन्ही पिक्चर अमेरिकेत लावले आणि पब्लिसिटीसाठी ते नाव चिकटवलं.

आणि जरा यातल्या दुसऱ्या नटाकडे, ली व्हॅन क्लीफकडे बघा ना, दुसऱ्यात तो बहिणीचा सूड घेणारा सज्जन कर्नल आणि तिसऱ्यात पैशासाठी खून पाडणारा एंजल आइज, म्हणजे नट तेच पण माणसं वेगळी! सलग गोष्ट असती तर हे कसं जमलं असतं? पोंचो आणि सिगारमुळे गोंधळ होतो हे मान्य, पण लिओनेने दरवेळी नवी गोष्ट रचली, त्याचं श्रेय जाहिरातवाल्यांना देऊ नका.