लॅटिनचं खणणं डुकराच्या वाट्याला

समानार्थी शब्द म्हणजे अगदी एकाच अर्थाचे शब्द, ही शाळेत पक्की झालेली समजूत स्पॅनिश शिकणाऱ्याला फार छळते. 'खणणे' शोधायला गेलं की काबार, एक्सकाबार, एस्कार्बार, ओरादार अशी क्रियापदं समोर येतात आणि कुठलंही चालेल असं वाटतं. पण तसं चालत नाही. (यांतल्या काहींत 'व्ही' लिहितात, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार 'ब'च होतो.)

कुदळीने बागेतली माती खणायची, खड्डा किंवा कबर खणायची, तर काबार. आतलं काढून पोकळी करायची, म्हणजे बोगदा किंवा तळघर, तर एक्सकाबार. पुरातत्त्वज्ञांचं क्रियापदही हेच. स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळच्या आतापुएर्कात 1978 पासून आदिमानवाच्या शोधात जे चाललं आहे ते एक्सकाबार. कोंबडी किंवा कुत्रा पायाने माती उकरतो ते एस्कार्बार, आणि काडीने दात कोरणंही त्यातच आलं. आपल्याला हे परकं वाटू नये. आपणही विहीर खणतो, लेणं कोरतो, आणि घूस जमीन पोखरते.

पण ही वाटणी झाली कशी? मला सगळ्यात मोह पडतो तो इथे.

स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये खणण्याचं रोजचं क्रियापद होतं फोदेरे. काबारचा पूर्वज कावारे याचा अर्थ खणणे नव्हता, पोकळ करणे होता. त्याच्या मुळाशी 'पोकळ' या अर्थाचं कावुस हे विशेषण आहे. थेंब दगड पोखरतो, या प्रसिद्ध लॅटिन वचनात कावारेच वापरलं आहे. पुढे लोकांच्या बोलण्यातून फोदेरे मागे पडलं आणि स्पेनमध्ये कावारे त्याच्या जागी येऊन बसलं. हाताला कुदळ आली तशी त्याच्यातली पोकळी फिकट होत गेली. मग शिकल्यासवरल्या लोकांनी लॅटिन ग्रंथांतून एक्सकावारे नव्याने उचललं. आपल्याकडे 'खणणे' बोलण्यातून झिरपत आलं आणि 'उत्खनन' संस्कृतातून थेट घेतलं, तसंच हे.

आणि फोदेरे? कॅस्टिलियन, म्हणजे आजची स्पॅनिश जिच्यातून घडली त्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' बऱ्याच शब्दांत 'ह' झाला, आणि नंतर तो 'ह'ही गळाला. 1492 मध्ये नेब्रिहा या विद्वानाचं स्पॅनिशचं व्याकरण छापलं गेलं तेव्हा हा 'ह' अजून उच्चारला जात होता. आज तो बहुतेक ठिकाणी फक्त लिहिण्यात उरला आहे. बास्क भाषेच्या शेजारामुळे हे झालं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. या वाटेने फोदेरेच्या घराण्यातून निघालं ओथार, म्हणजे डुकराने नाकाडाने जमीन उकरणं. एके काळी शेतकरी आणि सैनिक ज्या शब्दाने खणत, त्याच्या घराण्यातलं हे क्रियापद आता मुख्यतः डुकराच्या वाट्याला आलं. भोक पाडण्याच्या फोरारेपासून याच नियमाने ओरादार आलं, आणि थेंबाचं ते वचन आज स्पॅनिशमध्ये सांगताना हेच क्रियापद येतं. 'फोसा' म्हणजे खड्डा या शब्दात मात्र 'फ' शाबूत आहे, कारण तो पुस्तकातून आला. त्याचा तोंडी परंपरेतून आलेला भाऊ आहे 'उएसा'.

दोन शब्द कानाला सारखे लागले की 'हा संस्कृतातूनच गेला' म्हणणारे निरोप मोबाइलवर फिरत असतात. ते निखालस चुकीच्या पद्धतीवर उभे असतात. शब्दांचं नातं ठरतं ते नियमित ध्वनिबदलांवरून, कानाला काय वाटतं यावरून नाही. खोल करणे, विषयात खोल शिरणे याला स्पॅनिशमध्ये आओंदार म्हणतात. त्यात 'ओंदो', म्हणजे खोल, हा शब्द आहे. ओंदोच्या मागे लॅटिन प्रोफुंदुस, आणि त्याच्या पोटात फुंदुस, म्हणजे तळ. हा फुंदुस आणि संस्कृतातला बुध्न, म्हणजेही तळच, हे दोघे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. यातला कुणीही दुसऱ्यातून निघालेला नाही.